कार्गो २००: वहीच्या कव्हरामागचा रशिया

आमच्या वर्गात वह्यांना दोन प्रकारची कव्हरं असायची. एक ब्राऊन पेपरवाली आणि दुसरी रशियावाली. ब्राऊन पेपर दुकानातून विकत आणावा लागे, रशिया रद्दीत मिळे. ‘सोव्हिएत लँड’ या नियतकालिकाचा आणि त्याच्या भावंडांचा तो जाड, गुळगुळीत कागद. त्यावर पाणी पडलं तर बोटानं निपटून टाकायचं, डबा सांडला तर फडक्यानं पुसायचं, वही जशीच्या तशी. माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर एक ट्रॅक्टरवाली बाई हसत होती. गणिताच्या वहीवर पोलादाचा कारखाना होता, धुरांड्यांमागे गुलाबी आभाळ. गणितात नापास झालो तरी कारखाना उत्पादन वाढवतच होता.

त्या गुलाबी आभाळाखाली नेमकं काय चाललं होतं, ते पाहायचं असेल तर २००७चा एक रशियन सिनेमा आहे. मूळ नाव ‘ग्रूझ २००’, जगभर ओळखला जातो तो ‘कार्गो २००’ म्हणून. दिग्दर्शक अलेक्सेई बालाबानोव. काळ १९८४. लांबी ८९ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे ज्या वेळात इंटरव्हलचे समोसे येतात, त्या वेळात हा सिनेमा तुम्हाला धुऊन, पिळून, वाळत टाकून मोकळा होतो. जेवताना बघू नये. मी बघितला. त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी नावाचं बघू

‘ग्रूझ’ म्हणजे माल, वजन, ओझं. ‘ग्रूझ २००’ हा सोव्हिएत लष्करातला सांकेतिक शब्द. अर्थ: शवपेटीतून घरी पाठवलेला मृत सैनिक. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, फेब्रुवारी १९८९ मध्ये बाहेर पडल्या. मधल्या नऊ-सव्वानऊ वर्षांत सोव्हिएत बाजूची सुमारे १५ हजार माणसं मेली. त्यांना जस्ताच्या पेटीत घालून, पेटी डाग देऊन बंद करून, वर लाकडी खोका ठोकून विमानानं परत आणलं जाई. त्या विमानांना सैनिक ‘काळा ट्यूलिप’ म्हणत. इतकं सुंदर नाव इतक्या वाईट कामाला क्वचितच मिळालं असेल.

मग २०० हाच आकडा का? एक म्हणणं असं की पेटी, खोका आणि माणूस मिळून वजन साधारण २०० किलो भरे. दुसरं म्हणणं असं की संरक्षण खात्याच्या ज्या आदेशानं ही वाहतूक चाले, त्याचा क्रमांकच २०० होता. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कुठल्याही माणसाला दुसरं म्हणणं जास्त पटेल. जखमी सैनिकासाठी ‘३००’ असा वेगळा आकडा आहे. आणि हे सगळे आकडे इतिहासजमा झाले असं वाटत असतानाच युक्रेनच्या युद्धानं ते पुन्हा बातम्यांत आणून ठेवले.

पेटी घरी आली तरी ती उघडायची नाही, असं कुटुंबाला बजावलेलं असे. पेटीबरोबर एक अधिकारी येई. पहिली काही वर्षं थडग्यावर ‘अफगाणिस्तान’ हा शब्दही कोरू देत नसत. ‘आंतरराष्ट्रीय कर्तव्य बजावताना’ एवढंच. त्याच वेळी टीव्हीवर सोव्हिएत जवान अफगाण गावांत झाडं लावत होते, शाळा बांधत होते, मुलांना खाऊ वाटत होते. सारांश असा की आमच्या वहीच्या कव्हराची ती लष्करी आवृत्ती होती.

सिनेमात या सगळ्याला बालाबानोवनं एकच दृश्य दिलंय. विमानतळ. मालवाहू विमानाच्या पोटातून पेट्या उतरवल्या जातात. पेट्या संपतात. मग त्याच विमानात, त्याच उतरणीवरून, नव्या गणवेशातली कोवळी पोरं चढतात. कॅमेरा शांतपणे बघत राहतो. संगीत नाही, रडारड नाही. एसटी डेपोत जसे उतरणारे उतरले की चढणारे चढतात, तसं. सिनेमात याहून कितीतरी भीषण गोष्टी आहेत, पण मला रात्री दोन वाजता आठवलं ते हेच.

गोष्ट, सांगण्यापुरती

लेनिनग्राड विद्यापीठातला एक प्राध्यापक आईला भेटायला लेनिन्स्क नावाच्या औद्योगिक शहराकडे निघालाय. वाटेत गाडी बंद पडते. आडबाजूला एक घर. तिथे हातभट्टीवाला, त्याची बायको, त्यांच्याकडे राबणारा एक व्हिएतनामी माणूस, आणि कोपऱ्यात गप्प बसलेला आणखी एक. तो गप्प बसलेला म्हणजे कॅप्टन झुरोव, पोलीस. प्राध्यापक दारू पितो, देवावर वाद घालतो, गाडी दुरुस्त होते, तो निघून जातो. त्याच रात्री डिस्कोतून एक पोरगा दारू घ्यायला त्याच घरी येतो, बरोबर एक मुलगी. मुलगी कम्युनिस्ट पक्षाच्या स्थानिक सचिवाची, तिचा होणारा नवरा अफगाणिस्तानात. पोरगा पिऊन आडवा होतो. झुरोव आडवा होत नाही.

पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की होणारा नवरा परत येतो, आणि शीर्षक काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

यातली कळ अशी की झुरोव हा वेडा खुनी असला, तरी सिनेमा त्याच्यावर चालत नाही. तो चालतो बाकीच्यांवर. प्राध्यापकाला खरं काय ते माहीत असतं, तो साक्ष द्यायला जात नाही. पोराला माहीत असतं, तो पळ काढतो. हातभट्टीवाला न केलेला खून अंगावर घेतो आणि गोळी खातो. दुष्ट माणूस एकच आहे. त्याला लागणारी माणसं मात्र गावभर आहेत, आणि ती सगळी सभ्य आहेत. टेबलावर नीट चहा पितात.

लेनिन्स्क कुठे आहे?

सिनेमातलं लेनिन्स्क नकाशावर शोधू नका. ते काल्पनिक आहे. पण लेनिन्स्क नावाचं एक खरं शहर होतं, आणि त्याचं आपल्याशी पक्कं नातं आहे. कझाकस्तानातल्या बैकोनूर अंतराळतळाच्या वसाहतीचं नाव १९९५ पर्यंत लेनिन्स्कच होतं. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून वर गेले ते तिथूनच. म्हणजे ज्या वर्षी बालाबानोवच्या लेनिन्स्कमध्ये माणसं जमिनीत गाडली जात होती, त्याच वर्षी खऱ्या लेनिन्स्कमधून आपला माणूस आकाशात जात होता. आणि आम्ही दूरदर्शनसमोर टाळ्या वाजवत होतो. टाळ्या अर्थातच योग्य होत्या. फक्त कॅमेरा एकाच लेनिन्स्कमध्ये होता.

सिनेमातले कारखाने, धूर, पाईप आणि गंज बहुतांशी चेरेपोवेत्स या शहरातले आहेत. वोलोग्दा प्रांतातलं हे पोलादनगर. झुरोव साइडकारच्या मोटरसायकलवर मुलीला बसवून या कारखान्यांच्या कडेकडेनं नेतो, तो प्रवास लांबच लांब चालतो. चिमण्या, पूल, वाफ, पुन्हा चिमण्या. बघताना मला आमच्या गणिताच्या वहीचं कव्हर आठवलं. तोच कोन, तीच धुरांडी. गुलाबी आभाळ तेवढं गायब.

आता चेरेपोवेत्सची गंमत. रशियनमध्ये ‘चेरेप’ म्हणजे कवटी. गावाच्या नावाची खरी व्युत्पत्ती काय यावर भाषेच्या जाणकारांना भांडू द्या. आपल्याला पुढची गोष्ट महत्त्वाची. याच चेरेपोवेत्समध्ये १८४२ साली वासिली वेरेश्चागिन हा चित्रकार जन्मला. त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र ‘युद्धाचा परमोत्कर्ष’, १८७१चं. वाळवंटात कवट्यांचा डोंगर आणि वर कावळे. त्यानं ते भूत, वर्तमान आणि भविष्यातल्या सर्व थोर विजेत्यांना अर्पण केलं होतं. हा वेरेश्चागिन भारतातही हिंडून गेला, आग्र्याच्या मोती मशिदीपासून हिमालयापर्यंत चित्रं काढली. इंग्रज शिपायांनी बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी बांधल्याचं चित्रही त्याचंच. म्हणजे कवटी नावात असलेल्या गावात कवट्यांचा चित्रकार जन्मला, आणि दीडशेहून जास्त वर्षांनी शवपेट्यांचा सिनेमा तिथेच चित्रित झाला. असल्या योगायोगावर आपल्याकडे कोणीतरी एव्हाना वास्तुदोष काढला असता.

‘पास आहे माझ्याकडे’

१९८४ला रशियात गादीवर कोण होतं? कॉन्स्तान्तीन चेर्नेन्को. सिनेमात ते टीव्हीवर दिसतात. बहात्तरी गाठलेले, दम लागलेले, समोरचा कागद वाचतानाही धाप टाकणारे. त्यांच्याआधी युरी आंद्रोपोव, ते फेब्रुवारी १९८४ मध्ये गेले. त्यांच्याआधी लिओनिद ब्रेझनेव, ते नोव्हेंबर १९८२ मध्ये गेले. चेर्नेन्को स्वतः मार्च १९८५ मध्ये गेले. अडीच वर्षांच्या आत तीन सरचिटणीस. लोकांना इतका सराव झाला होता की रेडिओवर अचानक गंभीर शास्त्रीय संगीत सुरू झालं की घरातली बाई स्वयंपाक करता करता विचारी, ‘आता कोण?’

तेव्हाचा विनोद मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळतो. लाल चौकात अंत्ययात्रा. पहारेकरी एकाला अडवतो, ‘प्रवेशपत्र?’ तो म्हणतो, ‘माझ्याकडे पास आहे.’ ठाणे–सीएसटी, सेकंड क्लास, तीन महिन्यांचा.

अलेक्सेई, अलेक्सेई आणि अलेक्सेई

दिग्दर्शक अलेक्सेई बालाबानोव. झुरोव झालेला नट अलेक्सेई पोलुयान. हातभट्टीवाला झालेला नट अलेक्सेई सेरेब्र्याकोव. आणि त्या हातभट्टीवाल्याचं सिनेमातलं नाव काय? अलेक्सेई. सेटवर ‘अलेक्सेई, इकडे ये’ म्हटलं की अर्धं युनिट उठत असणार. शिवाय दोन लिओनिद: प्राध्यापक झालेले लिओनिद ग्रोमोव आणि पळपुटा पोरगा झालेला लिओनिद बिचेविन. त्या व्हिएतनामी कामगाराची भूमिका करणारे मिखाईल स्क्र्याबिन मुळात याकूत, म्हणजे सैबेरियातले. बालाबानोवला हा माणूस इतका आवडला की २०१० मध्ये ‘कोचेगार’ म्हणजे ‘भट्टीवाला’ या सिनेमात त्यानं त्यांना थेट नायक केलं.

सेरेब्र्याकोवला तुम्ही कदाचित पाहिलंय. २०१४च्या ‘लेव्हायथन’ सिनेमात घर वाचवायला धडपडणारा मेकॅनिक तोच. मुलीचं काम केलेल्या अग्निया कुझ्नेत्सोवाबद्दल मात्र मला वाटतं, तिला या सिनेमासाठी पदक द्यायला हवं होतं, आणि त्यानंतर महिनाभर समुद्रकिनारी पाठवायला हवं होतं.

देव नाही, लंबक आहे

प्राध्यापकाचा विषय काय? वैज्ञानिक निरीश्वरवाद. हसू नका, हा खराखुरा विषय होता. सोव्हिएत विद्यापीठांत तो शिकवला जाई, त्याचे विभाग होते, परीक्षा होत्या. इंजिनियर व्हायचंय? आधी देव नाही हे सिद्ध करा, मग बॉयलरकडे वळा.

लेनिनग्राड तर या विषयाची पंढरीच. तिथल्या कझान कॅथेड्रलमध्ये १९३२ साली धर्माच्या आणि निरीश्वरवादाच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं. सेंट आयझॅक कॅथेड्रलमध्ये तर कमालच. घुमटात पवित्र आत्म्याचं प्रतीक म्हणून कबुतर टांगलेलं होतं. त्याच्या जागी १९३१ मध्ये फूकोचा लंबक टांगला. तार ९८ मीटर लांब. लंबक झुलतो, खाली पृथ्वी फिरते, भाविकाची श्रद्धा गळून पडते, असा हिशेब. १९८६ मध्ये तो उतरवला. पृथ्वी अजून फिरतेय. कबुतरही परत आलं.

सिनेमात प्राध्यापकाला देवावरून कोंडीत पकडतो तो हातभट्टीवाला. तुरुंग भोगून आलेला, अडाणी दिसणारा, पण वाद घालायला पक्का. याचं स्वप्न आहे ‘सूर्यनगरी’ उभारायची. ही कल्पना इटालियन साधू काम्पानेलाची. त्यानं १६०२ मध्ये नेपल्सच्या कोठडीत बसून आदर्श नगराचं पुस्तक लिहिलं. बोल्शेविकांना हा काम्पानेला फार प्रिय, समाजवादाचा खापरपणजोबा म्हणून. आता गंमत बघा. पक्षाच्या पगारावर असलेल्या प्राध्यापकाला ना देवाचं पडलंय ना सूर्यनगरीचं. दोन्हीवर मनापासून विश्वास असलेला गावातला एकमेव माणूस गावठी दारू गाळतो. आणि मृत्युदंडाच्या रांगेत तोच उभा राहतो.

शेवटी प्राध्यापक कुठे जातो? चर्चमध्ये. बाप्तिस्म्याला काय करावं लागतं, अशी चौकशी करायला. तिथल्या बाईला तो ज्या सुरात विचारतो तो सूर ओळखीचा आहे. आपण तालुक्याच्या कचेरीत उताऱ्यासाठी विचारतो ना, कुठल्या खिडकीवर, किती प्रती, तोच.

बाटलीचं राजकारण

सिनेमात सगळे पितात. सगळे म्हणजे सगळे. झुरोवची आई दिवसभर टीव्हीसमोर बसून पिते, प्राध्यापक चर्चा करताना पितो, त्याचा कर्नल भाऊ जेवताना पितो. घरगुती दारूला रशियनमध्ये ‘समोगोन’ म्हणतात, अर्थ ‘स्वतः गाळलेली’. गाळणं बेकायदा, विकणं त्याहून बेकायदा, आणि गिऱ्हाइकांत पोलीस. हे वाचून कोणाला आपल्या गावचा नाला आठवला तर त्याला माझा इलाज नाही.

दोन मजेशीर तपशील. आंद्रोपोवच्या काळात, १९८३ मध्ये, ४ रूबल ७० कोपेकला स्वस्त वोडका बाजारात आली. लोकांनी कृतज्ञतेनं तिचं नाव ठेवलं ‘आंद्रोपोव्का’. केजीबीच्या माजी प्रमुखाचं याहून प्रेमळ स्मारक झालं नाही. मग १९८५ मध्ये गोर्बाचेव आले आणि मे महिन्यात दारूविरोधी मोहीम काढली. द्राक्षमळे तोडले, दुकानांच्या वेळा कापल्या. परिणाम? घराघरांत समोगोन सुरू, आणि दुकानांतून साखर गायब. ‘गेनेराल्नी सेक्रेतार’ म्हणजे सरचिटणीस. लोकांनी एक शब्द बदलून गोर्बाचेवना ‘मिनेराल्नी सेक्रेतार’ करून टाकलं. मिनरल वॉटर पाजणारा सचिव.

मिसिसिपीहून लेनिनग्राडला

आडबाजूचं दारूवाल्याचं घर, पिऊन पडलेला प्रियकर, बड्या घरची मुलगी, तिला पळवणारा नपुंसक गुंड, आणि दुसऱ्याच्या खुनासाठी मरणारा दारूवाला. हा सांगाडा समीक्षकांनी लगेच ओळखला. विल्यम फॉकनरची ‘सँक्च्युअरी’ ही १९३१ची कादंबरी. तिथे दारूबंदीच्या काळातली अमेरिका, इथे सरकारी दारूच्या काळातला रशिया. फॉकनरचा गुंड गुंडच आहे. बालाबानोवनं त्याला पोलिसाची टोपी घातली. एवढ्या एका टोपीनं सगळी कादंबरी बदलते, कारण आता तक्रार कुठे करायची?

आणि तरीही सिनेमा सुरू होताना पडद्यावर ठासून सांगतो, सत्य घटनांवर आधारित. कोएन बंधूंनी ‘फार्गो’ला अशीच पाटी लावून अख्ख्या जगाला टोपी घातली होती. बालाबानोवची गोष्ट जरा निराळी. १९८१ ते १९८३ तो लष्करात होता, मालवाहू विमानांच्या दलात दुभाष्या म्हणून. ती विमानं काय काय वाहतात, हे त्याला पुस्तकात वाचावं लागलं नाही. मग तो स्वेर्दलोव्स्कच्या स्टुडिओत सहायक दिग्दर्शक होता. म्हणजे फॉकनरचा सांगाडा, त्यावर स्वतः ऐकलेलं, पाहिलेलं मांस. ‘सत्य घटना’ म्हणजे काय याची इतकी प्रामाणिक व्याख्या आमच्या हिंदी चरित्रपटांनाही जमलेली नाही.

गोड गाणी

हा सिनेमा खऱ्या अर्थानं क्रूर होतो तो गाण्यांमुळे. बालाबानोवनं भीतीदायक पार्श्वसंगीत वापरलंच नाही. त्याऐवजी त्या काळात रशियात घरोघरी वाजणारी लाडकी गाणी टाकली. युरी लोझाचं छोट्या तराफ्यावरून दूर निघून जाण्याचं गाणं (लोझा बालाबानोवच्याच गावचा, स्वेर्दलोव्स्कचा). ‘आरिएल’चं मॅग्नोलियाच्या प्रदेशातलं रोमँटिक गाणं. ‘झेमल्याने’चं घराजवळच्या गवताची आठवण काढणाऱ्या अंतराळवीरांचं गाणं, जे पुढे २००९ मध्ये रशियाच्या अंतराळयात्रेचं अधिकृत गीत झालं. कल्पना करा, तुमच्या लहानपणचं आकाशवाणीवरचं सगळ्यात गोड भावगीत लागलंय आणि पडद्यावर एका मुलीला बेड्या घालून नेलं जातंय. रशियन प्रेक्षक चिडले ते रक्तामुळे कमी. आमची गाणी का बाटवलीस, हा राग जास्त.

आणि हो, १९८४ मध्येच सोव्हिएत थिएटरांत आणखी एक सिनेमा लागला, सहा कोटींच्या आसपास तिकिटं खपली, तिकडच्या पोरांनी चमकत्या पँटी शिवून घेतल्या. ‘डिस्को डान्सर’. त्या वर्षी रशियाला अफगाणिस्तानातून पेट्या येत होत्या आणि मुंबईहून त्यातला नायक जिमी. या दोन आयातींवर एकत्र सिनेमा अजून कोणी काढलेला नाही.

माशी

जेवणाची हकीकत. रविवार दुपार, ताटात वरणभात, लिंबू, पापड, मांडीशेजारी लॅपटॉप. म्हटलं, दीड तासाचा थ्रिलर, जेवता जेवता होईल. झुरोवच्या फ्लॅटमध्ये एका टप्प्यावर माशा घोंगावू लागतात. आईची नजर टीव्हीवर, ग्लास हातात, शेजारच्या खोलीत जे काय आहे ते आहे. म्हातारीला माशा दिसतात. माशा कशावर आल्यात हे तिला दिसत नाही, किंवा पाहायचं नाही. नेमकी तेव्हा आमच्या ताटावर एक माशी येऊन बसली. खरीखुरी, आपली, मराठी माशी. मी तिला हाकललं नाही. ताट उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. सौ. म्हणाल्या, ‘पापड तरी खा.’ पापडही राहिला.

नंतर विचार केला तर त्या दृश्यात किळसवाणं दाखवलंय फार थोडं. आवाज आहे माशांचा आणि टीव्हीचा. दोन्ही सारख्याच पट्टीत.

देशभक्ताचा देशद्रोह

बालाबानोव बंडखोर कलावंत म्हणून ओळखला जाई असं समजू नका. रशियात तो होता ‘ब्रात’वाला. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, १९९७चा सिनेमा. सेर्गेई बोद्रोव ज्युनियर त्यात स्वेटर घालून, वॉकमन लावून माणसं मारत फिरतो आणि अख्खी पिढी त्याच्या प्रेमात पडते. २०००च्या दुसऱ्या भागात तोच भाऊ अमेरिकेत जाऊन अमेरिकनांना धडा शिकवतो. थिएटरात शिट्ट्या. वेशभूषा दोन्हींत बालाबानोवच्या बायकोची, नादेझ्दा वासिल्येवाची. अशा राष्ट्राच्या लाडक्या दिग्दर्शकानं सात वर्षांनी ‘कार्गो २००’ आणला, तेव्हा लोकांना सासरेबुवांनी भर मांडवात शिव्या दिल्यासारखं झालं.

पटकथा वाचून काही नामवंत नटांनी आधीच नमस्कार केला होता. सोचीच्या ‘किनोताव्र’ महोत्सवात २००७ मध्ये परीक्षकांनी याच्याकडे पाठ फिरवली आणि समीक्षकांच्या संघटनेनं बक्षीस दिलं. दोन्ही गट एकाच हॉटेलात नाश्ता करत असणार, त्या नाश्त्याला हजर राहायला मला आवडलं असतं. २००८ मध्ये रशियाच्या पहिल्या वाहिनीनं तो रात्री उशिरा दाखवला, वर चर्चेचा कार्यक्रम. अर्धे म्हणाले, आमच्या तरुणपणाची बदनामी. अर्धे म्हणाले, असंच होतं. दोन्ही बाजूंची माणसं १९८४ मध्ये तिथेच राहत होती.

मला इथे थोडी कुरकुर नोंदवायचीय. १९८४च्या रशियात प्रत्येकजण असा सडलेला नव्हता, हे उघड आहे. कुठेतरी कोणीतरी साक्ष द्यायला गेलं असेलच. १९६१ मध्ये अण्णा भाऊ साठे तिकडे जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. त्यांना भेटलेली प्रेमळ माणसं खोटी नव्हती. पण आमच्या वहीच्या कव्हरावरही सगळेच हसत होते. ती ट्रॅक्टरवाली एकदाही दमली नाही. एवढी वर्षं एका बाजूचं हसू पाहिल्यावर दुसऱ्या बाजूच्या ८९ मिनिटांची तक्रार करायला मला जरा संकोच वाटतो.

बालाबानोवचा शेवटचा सिनेमा २०१२चा, ‘मलाही हवंय’. त्यात एक ओसाड घंटाघर आहे. योग्य माणूस आत गेला तर सुखाच्या ठिकाणी पोचतो. शेवटी एक दिग्दर्शक तिथे येतो, आपण युरोपियन फिल्म अकादमीचे सदस्य असल्याचं सांगतो. घंटाघर त्याला घेत नाही, तो बाहेरच मरून पडतो. ही भूमिका बालाबानोवनं स्वतः केली. पुढच्याच वर्षी, १८ मे २०१३ रोजी, तो गेला. वय ५४.

लाल टी-शर्ट

आता पुन्हा त्या पळून गेलेल्या पोराकडे. वालेरा. सिनेमाभर त्याच्या अंगात लाल टी-शर्ट आहे, छातीवर मोठ्या अक्षरांत ‘सीसीसीपी’. खरं म्हणजे ते रशियन लिपीतलं ‘एसएसएसआर’, सोव्हिएत संघ. पण आम्ही शाळेत ते इंग्रजीसारखं ‘सीसीसीपी’च वाचायचो आणि सोव्हिएत हॉकी संघाची जर्सी बघून भांडायचो.

शेवटच्या दृश्यात वालेरा लेनिनग्राडमध्ये ‘किनो’ बँडच्या मैफलीत असतो. ‘किनो’ म्हणजे विक्टर त्सोई, पुढे अख्ख्या देशाचा आवाज झालेला, पोटापाण्यासाठी बॉयलरची भट्टी सांभाळणारा, १९९० मध्ये २८व्या वर्षी अपघातात गेलेला. वाजणाऱ्या गाण्याचा आशय साधारण असा की वेळ भरपूर आहे, खिशात दमडी नाही. वालेराला तिथे त्याच्यासारखाच एक चलाख पोरगा भेटतो. दोघांचं बोलणं लगेच पैसे कसे करता येतील याकडे वळतं. त्या रात्रीचं, त्या घराचं, त्या मुलीचं नावसुद्धा निघत नाही. दोघं जोडीनं बाहेर पडतात. चाल अगदी हलकी, जणू नोकरीचा कॉल आलाय.

मग पडदा काळा होतो आणि एक ओळ उमटते. बाकीचे सिनेमे जी सुरुवातीला टाकतात ती याने शेवटी राखून ठेवलीय: १९८४चा उत्तरार्ध चालू होता.